लोखंड काढून या

चाकणच्या चौकात उन्हाळी कांद्याच्या गोण्यांनी भरलेले ट्रक उभे राहायला लागले की माझे तळहात गार पडतात. ऊन चढलेलं असतं, बसमधले लोक रुमालानं मान पुसत असतात, पुढे कुठला तरी लांबलचक कंटेनर वळताना अडकलेला असतो. आणि त्या डिझेलच्या, धुळीच्या, तापलेल्या रबराच्या वासातून कांद्याच्या सालीचा तिखट वास वाट काढत खिडकीतून आत येतो. बाकीच्यांना भजी आठवत असतील. मला एक नळी आठवते. पांढरी, माझ्या हाताएवढी लांब, मागे माशासारखी शेपटी असलेली. ती दोन्ही हातांनी डोक्यावर धरून मी उभी आहे, तिला बांधलेल्या चार दोऱ्या वर ताणल्या जातायत, आणि त्या दोऱ्यांच्या वर सहा पंखांचं यंत्र असं ओरडतंय की कुणी माझं नाव घेतलं तरी ऐकू येणार नाही.

त्या हंगामाला चार वर्षं झाली. तरी हात गार पडतात.

मी हिंगोलीकडची. नववीत शाळा सुटली. आईचं पोटाचं ऑपरेशन झालं, घरात मी थोरली, दोन महिने शाळेत गेले नाही. नंतर गेले असते तर चाललं असतं, कुणी नको म्हणालं नव्हतं. पण सगळ्यांच्या वह्या पुढे गेलेल्या दिसल्या आणि दारातून परत फिरले. एवढंच. शाळा का सोडली, असं विचारणाऱ्याला काहीतरी मोठं ऐकायचं असतं. मी हे सांगितलं की त्याचा चेहरा उतरतो, आणि मला उगाच चुकल्यासारखं होतं.

पुढे चाकणला आले, गाड्यांच्या वायरी जुळवायच्या कंपनीत. खोलीत माझ्याबरोबर मीनाताई होती. तिचे वडील पिंपरीत मशीनवर होते. त्यांच्या घरी भिंतीवर फोटो कमी आणि फळीवर पुस्तकं जास्त. तिनं मला मुक्त शाळेचा दहावीचा फॉर्म आणून दिला. मी म्हटलं, "ताई, भीती वाटते गं." ती डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग भीत-भीत भर. फॉर्मवर कुठं दिसतंय?"

तशीच भीत-भीत मी दहावी झाले. तशीच निगडीला ड्रोनचा सहा महिन्यांचा कोर्स केला, आणि शेवटी तीन महिन्यांची इंटर्नशिप करायची वेळ आली. बरोबरच्या मुलांना लग्नाची शूटिंगं मिळाली, कुणाला पिकांवरची फवारणी. मला मिळाल्या केतकी मॅडम.

केतकी मॅडम भूशास्त्रातल्या. प्राधिकरणातल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर त्यांचं छोटं ऑफिस. जमिनीच्या पोटात काय आहे ते न खणता शोधायचं, हे त्यांचं काम. मुलाखतीला गेले तेव्हा इंग्रजीतून उत्तरं पाठ करून गेले होते. त्यांनी विचारलं, "गाठी मारता येतात का?" मी पिशवीच्या तोंडाची दोरी काढून तीन गाठी मारून दाखवल्या: गोणीची, विहिरीवरच्या बादलीची आणि गाईच्या दाव्याची. दाव्याची गाठ त्यांनी ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली. "उद्या सकाळी साडेपाचला गाडी येईल," म्हणाल्या. मी बाहेर येऊन बसस्टँडवर बसले आणि एकामागून एक तीन बस सोडल्या. 

लोक ओरडले तर मला तितकी भीती वाटत नाही, ते सवयीचं आहे. कुणी चांगलं वागलं की मात्र वाटते. आपण काय घेऊन चाललोय याची समोरच्याला कल्पना नाही, आणि एक दिवस ती येणार, असं वाटत राहतं.

काम असं होतं. जमिनीला तिचं स्वतःचं मंद चुंबकत्व असतं. मॅडमनी पहिल्या दिवशी गाडीत सांगितलं, "जमीन शांत बोलत असते असं समज. लोखंड पुरलेलं असलं की तिथं ती खाकरते." ते खाकरणं ऐकणारा सेन्सर त्या पांढऱ्या नळीत. ड्रोनच्या मोटारींचाच त्याला त्रास होतो, म्हणून तो दोऱ्यांनी चांगला लांब खाली लटकवायचा. मग ड्रोन शेतात नांगराचे तास, म्हणजे सरळ ओळी, घालाव्यात तसा जायचा आणि यायचा, जायचा आणि यायचा. ऑफिसात येऊन त्या आकड्यांचा रंगीत नकाशा करायचा. ड्रोन उडवायचा निखिल, माझ्यापेक्षा लहान, इंजिनिअर, तरी मी त्याला सर म्हणायची आणि तो मला रूपालीताई. गाडी चालवायचे बाळूभाऊ, राजगुरुनगरच्या अलीकडच्या गावातले. आणि दोऱ्यांच्या गाठी माझ्या. उडताना नळी डोक्यावर धरायची, दोऱ्या ताणल्या की हात सोडायचे. उतरताना ती जमिनीला टेकायच्या आत झेलायची.

"आपल्याकडे हा एकच आहे," मॅडम नळीबद्दल म्हणाल्या होत्या. सहज म्हणाल्या असतील. मी ते वाक्य घेऊन झोपायची आणि घेऊन उठायची.

त्या वर्षीचं मोठं काम एका कंपनीच्या मागच्या मोकळ्या जागेचं होतं. तिथं नवीन शेड होणार होती. त्याआधी जमिनीत काय-काय पुरलंय ते बघून द्यायचं, कारण पूर्वी त्या जागेवर दुसराच कुठला कारखाना होता आणि तो बंद पडून उठून गेला होता. जागेला लागून कांद्याचं शेत. आम्ही जायचो तेव्हा काढणी चाललेली. वाकलेल्या बायकांची रांग, पातीचे ढीग, आणि त्यांच्या पाठीमागे कंपनीची निळी पत्र्याची भिंत.

त्या कंपनीच्या गेटवर एक वॉचमन होता. त्याच्या तोंडी एकच वाक्य: "सेफ्टी शूज नाय तर एंट्री नाय." आता सेफ्टी शूजच्या पंजात पोलादाची वाटी असते, आणि आमचा पहिला नियम, अंगावर लोखंड नको. म्हणजे गेटवर जड बूट चढवायचे, त्याच्यासमोरून ठकठक चालत जायचं, मोकळ्या जागेच्या कडेला ते काढून गाडीत टाकायचे आणि प्लॅस्टिकच्या चपलांवर कामाला लागायचं. जाताना उलट. तो लांबून बघायचा आणि ओरडायचा, "ओ मॅडम, आत देऊळ हाय का काय?"

केतकी मॅडमच्या पर्समध्ये जुन्या स्पीकरमधून काढलेलं एक गोल चुंबक असायचं, दोऱ्याला बांधलेलं. रोज सकाळी त्या ते आमच्या सगळ्यांच्या अंगावरून फिरवायच्या, दृष्ट काढावी तसं. निखिलच्या पट्ट्याचं बक्कल सापडायचं, बाळूभाऊंच्या खिशातलं नेलकटर सापडायचं, माझ्या ओढणीची पिन सापडायची. पहिल्या दिवशी ते माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला टक् करून चिकटलं.

"ही कसली?"

"काळ्या घोड्याच्या नालेची," मी म्हटलं.

"अरे बापरे," निखिल म्हणाला, "ताईंनी घोडाच आणलाय साइटवर."

मॅडम हसल्या नाहीत. "घालायची तर घाल, मी त्यावर काही बोलत नाही. पण इथं लोखंड काढून यायचं. गाडीत ठेव."

ती अंगठी आईनं घातली होती. मी चाकणला निघाले तेव्हा मला साडेसाती लागलेली. आईनं बाजारच्या नालबंदाकडून नाल मिळवली, लोहाराकडून वळवून घेतली, शनिवारी तेलात बुडवून ठेवली आणि घातली. दर फोनला आई दोन प्रश्न विचारते. "जेवलीस का?" आणि "अंगठी हाय ना बोटात?" जेवणाबद्दल मी पूर्वीपासून खोटं बोलत आले होते. आता अंगठीबद्दलही बोलायला लागले. गाडीतल्या डब्यात ती ठेवली की बोटावर एक पांढरा पट्टा दिसायचा. तेवढंच बोट उघडं पडल्यासारखं वाटायचं. हसाल तर हसा. त्या तीन आठवड्यांत मी दिवसातून पन्नास वेळा अंगठ्यानं तो पट्टा चाचपला असेल.

कांदे काढणाऱ्या बायका बांधावर पाणी प्यायला यायच्या. त्यातली एक, तोंडात मिश्री धरलेली, माझ्याकडे बघून विचारायची, "काय गं पोरी, हे इमान पाऊस पाडतंय व्हय?"

"नाही मावशी. जमिनीत बघतंय."

"वर जाऊन खाली बघतंय? आन तू आशी का हुबी? जनू तुलाच टांगनार हायेत."

सगळ्या हसायच्या. निखिलही हसायचा. "ताई, ड्रोन उडतोय, तुम्ही नाही. श्वास घ्या."

मी श्वास घ्यायची. पण मला कशाकशाची भीती वाटायची ते कुणाला सांगायला गेले असते तर ऐकणारा दमला असता. पंख्यांच्या आवाजाची. दोऱ्या सोडायच्या क्षणाची. मॅडमनी काही विचारलं आणि तो शब्द माहीत नसला तर, याची. माझं शिक्षण किती, असं निखिल एक दिवस सहज विचारेल, याची. आणि सगळ्यात जास्त माझ्या स्वतःच्या गाठींची. गाठ मारून झाल्यावर मी ती सोडून पुन्हा मारायची. बाळूभाऊ एकदा म्हणाले, "बये, त्या दोरीला तरी इसावा दे."

परवाचीच गोष्ट. वाकडला एका मोठ्या सोसायटीच्या आवारात जुनी पाइपलाइन शोधायचं काम होतं. लिफ्टमध्ये एक गृहस्थ भेटले, हातात कुत्र्याची साखळी. आमची पेटी बघून म्हणाले, "इंजिनिअर का तुम्ही?" मी "नाही" म्हटलं आणि मजल्यांचे आकडे बघत राहिले. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. पण बाहेर येईपर्यंत पाठीला घाम आला होता. चार वर्षांत कामाची भीती थोडी निवळली. ही दुसरी, शिक्षणाची, आहे तिथंच आहे.

तर तो आठवडा. सोमवारी खोदाई सुरू होणार होती. आमचा पश्चिमेकडचा भाग उडवून झाला होता, पूर्वेकडचा राहिला होता. शुक्रवारी सकाळी आठलाच वारं सुटलं. शेताच्या कडेनं धुळीची एक वावटळ उठली, कांद्याची पात गरगरत वर गेली, आणि लटकलेली नळी झोका घ्यायला लागली. बांधावर एक लिंब आहे. नळी त्याच्या फांदीपासून अर्ध्या हातावरून गेली. निखिलनं ड्रोन उतरवला. मी नळी झेलली आणि छातीशी धरून तशीच खाली बसले.  मॅडम हात कपाळाला लावून उभ्या राहिल्या, आणि मला समजलं की त्यांनाही भीती वाटते. ते बघून धीर यायला हवा होता. माझा उरलासुरला गेला.

शनिवारी पहाटे आम्ही पोहोचलो तेव्हा जागेच्या कडेला खोदाईचे मजूर येऊन उतरलेले. पत्र्याच्या दोन खोल्या उभ्या राहत होत्या. एक बाई तीन विटांवर भांडं ठेवून चूल पेटवत होती, आणि तिचं मूल आमच्या रिकाम्या पेटीत जाऊन बसलं होतं. निखिल म्हणाला, "आज वारं कालच्यापेक्षा जास्त सांगितलंय. फटाफट उरकू." मॅडमनी चुंबक फिरवलं. मी अंगठी डब्यात ठेवायला गाडीशी गेले.

ती मी डब्यात ठेवली नाही.

मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. तीन आठवडे रोज "लोखंड काढून या" ऐकलं होतं. पण त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की शनिवार आहे, वारं आहे, नळी एकच आहे, आणि गाठ माझी आहे. माझ्या पायात एक काळा दोरा होता. तो तोडला, अंगठीत ओवला आणि नळीच्या शेपटीला आतल्या बाजूनं बांधला. दाव्याची गाठ. एवढीशी अंगठी. एवढ्या मोठ्या जमिनीत एवढ्याशा लोखंडानं काय होणार आहे, असं मी स्वतःला सांगितलं. मॅडम त्या वेळी मजुरांच्या मुलाला पेटीतून उठवत होत्या.

नळी वर गेली. वारं होतं, पण ती तास धरून सरळ जात होती, सरळ येत होती. माझे तळहात त्या दिवशी गरम होते. खोटं का सांगू, त्या सबंध हंगामात तेवढा पाऊण-एक तासच मला बरं वाटलं. उतरताना मी नळी अलगद झेलली, दोरा दातानं तोडला, अंगठी मुठीत घेतली. कुणाला दिसलं नाही.

दुपारी प्राधिकरणातल्या ऑफिसात मॅडमनी नकाशा काढला, आणि पडद्यावर सतरंजी आली. एक पट्टा निळा, एक तांबडा, एक निळा, एक तांबडा. पूर्वेकडचा सगळा भाग तसाच. जाताना एक आकडा, येताना दुसरा. जमीन काय बोलतेय ते काहीच कळत नव्हतं.

"हे काय आहे?" मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी बाळूभाऊंना बोलावलं. "भाऊ, मधे गाडी हलवली होती का? तुलनेसाठी जमिनीवर ठेवतो त्या यंत्राजवळ आणली होती?"

"न्हाई ओ मॅडम. लिंबाखाली जी लावली ती तितंच."

"नीट आठवून सांगा. उन्हात नको म्हणून पुढे घेतली असेल."

"देवाशपथ न्हाई."

"मग हे काय आपोआप झालं?" मॅडमचा आवाज चढला. त्या कधी आवाज चढवत नाहीत.  बाळूभाऊंनी टोपी काढून हातात घेतली आणि तिच्या काठाकडे बघत उभे राहिले. वडिलांच्या वयाचा माणूस.

निखिल म्हणाला, "सेन्सरच गेला असेल. काल झोका बसला ना जोरात." मॅडम खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या की तसं असेल तर तो बंगळूरला दुरुस्तीला पाठवावा लागेल, दोन-तीन आठवडे जातील. खोदाई काही आपल्यासाठी थांबणार नाही. पश्चिमेकडचा नकाशा देऊ, आणि पूर्वेकडच्या भागावर लिहू, माहिती उपलब्ध नाही.

"माहिती नाही म्हटल्यावर ते काय समजणार?" निखिलनं विचारलं.

"काही नाही असं समजणार. आणि खणणार," मॅडम म्हणाल्या.

मी चहा करते म्हणून आत गेले. बाळूभाऊ मागच्या पायरीवर बसले होते. त्यांच्याकडे पाठ करून मी म्हटलं, "भाऊ, ते माझ्यामुळे झालंय." आणि सगळं सांगितलं.

 मला वाटलं आता हे ओरडतील, ओरडायलाच हवं होतं. ते म्हणाले, "त्या पूर्वेच्या अंगाला जुन्या कारखान्यावाल्यांनी डरमं पुरल्याली. मी तवा तितं ट्रॅक्टरवर हुतो. नेमकी कुटं, त्ये आता सांगता न्हाई यायचं, समदं सपाट केलंय. पन हायती. नकाशात निगतीलच म्हनून बोललो न्हवतो." मग माझ्याकडे बघून, "माझ्यावर आलंय त्ये ऱ्हाऊ दे. मी काय, उद्या इसरंन. पन त्या बाईचं ल्येकरू बघितलंस ना सकाळी? जा, सांग."

चहा तसाच उकळत ठेवून मी बाहेर गेले. त्या दहा-बारा पावलांत माझं सामान भरून झालं होतं. हिंगोलीच्या गाडीत बसून झालं होतं. आईच्या दारात उभी राहिले होते आणि शेजारची विचारत होती, "आलीस का परत?" नववीतल्या त्या वर्गाच्या दारासारखंच हे दार होतं, आणि तेव्हा मी फिरले होते. खरं म्हणजे आत्ताही फिरले असते. पण मागच्या पायरीवर भाऊ बसलेले होते, तिकडूनही वाट नव्हती.

"मॅडम, मी नळीला अंगठी बांधली होती."

निखिलनं मान वर केली. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी पहिल्यांदा जे विचारलं ते मी कधी विसरणार नाही. "सेन्सरच्या टोकापासून किती अंतरावर?"

"दीड वीत."

"वितीनं नको. दाखव." त्यांनी टेप काढून दिला. मी नळीवर जागा दाखवली, निखिलनं टेपचं दुसरं टोक धरलं. मॅडमनी आकडा लिहून घेतला, अंगठी मागितली, कागदावर ठेवून तिच्याभोवती पेन्सिल फिरवली. मग पेन खाली ठेवलं.

"तुला माहीत होतं."

"हो."

"मग?"

"पडू नये म्हणून."

"पडला असता तर मी कुठूनतरी दुसरा आणला असता, रूपाली. रडले असते आणि आणला असता. चुकीचा नकाशा गेला असता तर तो परत कसा आणायचा?"

 बाहेर चहा उतू गेल्याचा वास आला. मॅडम उठल्या, मागच्या पायरीपर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, चुकलं माझं." बाळूभाऊ म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ओ." परत येऊन त्यांनी निखिलला सांगितलं, उद्या रविवार, पहाटे सहाला, वारं सुटायच्या आत. मला काही सांगितलं नाही. ये म्हणाल्या नाहीत, येऊ नको म्हणाल्या नाहीत.

रविवारी साडेपाचला मी चौकात उभी होते. गाडी थांबेल की पुढे जाईल, हे मला माहीत नव्हतं. गाडी थांबली.  साइटवर मॅडमनी चुंबक फिरवलं, माझ्यावरून दोनदा. अंगठी खोलीवर होती, मीनाताईच्या हवाली. दोऱ्या माझ्यासमोर टाकून मॅडम म्हणाल्या, "बांध."

आजवर मी पुष्कळदा घाबरलेय, पण त्या सकाळसारखी नाही. वरती धुकट उजेड, कंपनीच्या भिंतीपलीकडे शिफ्ट सुटल्याचा भोंगा, आणि माझ्या हातात ती नळी, तिच्या अंगावर माझ्या गाठींशिवाय काही नाही. निखिल यंत्रामागून ओरडला, "ताई, सोडा!" मी सोडलं. ती गेली. प्रत्येक ओळीला, प्रत्येक वळणाला मी दोन्ही हात पोटाशी घट्ट धरून वाकत होते. चुलीपाशी बसलेल्या त्या मजूर बाईनं मला विचारलं, "ताई, पोटात दुखतंय का?" मी नाही म्हटलं. तिनं तरी गूळ आणून दिला.

नकाशा गाडीतच काढला, लॅपटॉप मांडीवर घेऊन. पट्टे नव्हते. शांत, फिकट हिरवी जमीन पसरली होती, आणि पूर्वेच्या कोपऱ्यात, मजुरांच्या पत्र्यापासून फार लांब नाही, एक लालभडक डाग, त्याला चिकटून निळा. जमीन तिथं खाकरत होती. बाळूभाऊ खिडकीतून वाकून बघत म्हणाले, "व्हय. ह्येच त्ये."

सोमवारी सकाळी मॅडमनी मला फक्कीची पाटी दिली. पांढरी चुन्याची भुकटी, कबड्डीचं मैदान आखतात ती. त्यांनी नकाशावरून चार खुंट ठोकून दिले आणि म्हणाल्या, "आख." मी वाकून रेघ ओढत गेले. जेसीबी सुरू होऊन उभा होता. ठेकेदाराचा मुकादम, तोंडात तंबाखू, कपाळावर आठ्या, येऊन रेघेवर बूट ठेवून उभा राहिला.

"मॅडम, ही रेघ कुणी मारली? माझं मशीन इथूनच घालायचंय."

मॅडम माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "हिनं. काय ते हिला विचारा."

तो वळला. "काय ताई, शंभर टक्के खात्री आहे का? का उगाच आमचा दिवस घालवता?"

मला वाटलं होतं की असा प्रश्न कुणी विचारला तर मी मरेन.  मी म्हटलं, "पिंपांत काय आहे ते मला माहीत नाही. पण आहे. मला भीती वाटतेय. मशीन घालू नका, हातानं खणा."

 का कोण जाणे, तो थुंकून म्हणाला, "जेसीबी बंद कर रे." मजुरांना लांब केलं, पत्र्याच्या खोल्या रिकाम्या करायला लावल्या. त्या बाईनं मूल काखेला मारलं आणि भांडं उचललं. दोन माणसं फावडी घेऊन उतरली. गुडघाभर खोल गेल्यावर फावडं कशाला तरी लागलं, माती बाजूला झाली, गंजलेल्या पिंपाचा काठ दिसला, आणि नाक-डोळ्यांना झोंबणारा वास वर आला. सगळे मागे पळाले. मुकादम सगळ्यांच्या आधी पळाला. नंतर कंपनीचे लोक आले, मास्क आले, जागेला दोरी लागली. अशी अकरा पिंपं निघाली. जेसीबीचा दात एकाला जरी लागला असता तर, असं कुणीतरी म्हणत होतं. मी पुढचं ऐकलं नाही. कांद्याच्या बांधावर जाऊन बसले आणि ओढणीनं हाताची फक्की पुसत राहिले. 

मॅडमनी मला ठेवून घेतलं. का, ते मी कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत नाही. त्यांच्याबद्दल मला काय वाटतं ते सांगायला गेले की माझा आवाज जातो, म्हणून मी त्यांच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी ठेवते. त्यांना वाटतं मीनाताई पाठवते.

आता आखणी माझ्याकडे असते. नकाशावर जिथं डाग संपतो तिथं खुंट ठोकायचे, हा नियम. मी फक्की घेऊन खाली वाकते, आणि माझा हात आपोआप बाहेर जातो. दर वेळी रेघ हातभर जास्त पडते. मॅडम नकाशा आणि जमीन दोन्हीकडे बघतात. "हे जास्त आहे, रूपाली," म्हणतात.

"हो मॅडम, जास्त आहे," मी म्हणते. त्या काही वेळ रेघेकडे बघत राहतात, आणि मग ती तशीच राहू देतात.